एक्स्चेंजमध्ये निघालेला कटर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं खुशी, तू होय! मले वाटलं तुहा पप्पा बोलून राह्यला… हाव, फोन त्याचाच हाये, थे दिसते मले. मंग पप्पा कोठी हाये?… दुकानदारासंगं बोलून राह्यला. बरं, बोलू दे… थांब, थांब, आवाज तुटून राह्यला. अंगणात येतो.

तळेगावच्या त्या घरात फोनची रेंज फक्त अंगणातल्या लिंबाखाली यायची. प्रभाकरराव पायांत चप्पलही न घालता तिथे जाऊन उभे राहिले. त्यांचा झाडं कापायचा जुना कटर सकाळीच धर्मेंद्रने, म्हणजे त्यांच्या मुलाने, गाडीत टाकून आर्वीला दुरुस्तीला नेला होता. नातही सोबत गेली होती. तेव्हापासून म्हाताऱ्याचं लक्ष ना चहात होतं ना पेपरात.

हं, बोल आता. झाला का आपला कटर दुरुस्त?… काय?… पुन्हा सांग… एक्स्चेंज?… म्हणजे जुना देऊन नवा? कोण म्हणते?… दुकानदार म्हणते का ह्या कंपनीचे पार्ट आता भेटत नाईत. अन् तुहा पप्पा काय म्हणते?… मान हालवून राह्यला! वा रे पठ्ठ्या! दुरुस्तीले पाठवलं, तं हा सोयरीक जमवून राह्यला!… नाई गं माय, तुह्यावर काऊन रागावू मी?

नवा कसा हाये?… हिरवा?… अन् पेट्रोल कोठी टाकतेत?… टाकतच नाईत? बॅटरीवर चालते? मोबाइलसारखा चार्ज कराचा?… अगं बाई, आपल्याले लाकूड कापाचं हाये, केस नाई कापाचे!… हासू नको… बरं, हास. पण ऐक ना. तान्हा पोळा तोंडावर आला. शिवणीचं एवढं मोठं लाकूड कोठ्यात पडून हाये. गल्लीतले पोट्टे शाळा सुटली का दारात उभे राह्यतेत, ‘आबाजी, आमचा नंदी झाला का?’ म्हणून. लाकडाचे ठोकळेच नाई पडले, तं नंदी काय मातीचे करू?… हाव, तुहा बी राह्यला. तुह्याले औंदा मोठे शिंगं पाह्यजेत ना?… ध्यानात हाये माह्या.

खुशी, मले सांग, बिल झालं का?… बनवून राह्यले? अरे बाप्पा! मंग पप्पाले म्हण, आबाजी म्हणते थांब… म्हटलं?… ‘दोन मिनिट’ म्हणते? त्याचे दोन मिनिट मले माहीत हायेत. असं कर, पप्पाले म्हण तहान लागली… नाई, नाई, खोटं नाई बोलाचं. खरंच लागली का तहान?… आठवून पाह्य… लागली ना थोडीशी? मंग सांग… गेला पाणी आणाले? शाब्बास माही वाघीण!

आता आपला कटर कोठी हाये?… खाली फरशीवर. बंद हाये ना?… त्याच्या चेनीले हात नाई लावाचा हं, तिले दात असतेत. आज आपण डॉक्टर. डॉक्टर पयले काय करते?… नाई, इंजेक्शन नाई देत पयले. पयले विचारते, काय दुखते. तिथं मिस्त्री कोण हाये?… श्रावणभाऊ. त्याले विचार, काय होते ह्याले… इंजिन चालू होते, पण चेन फिरत नाई. धूर निघते. अन् तो म्हणते क्लच जळला. बरं.

आता तू सांग. तुह्या सायकलचं पायडल मारलं, अन् चाक नाईच फिरलं, तं काय झालं असन?… चेन उतरली असन. एक झालं. अन् चेन उतरली नसन तं?… विचार कर, मी थांबतो… हाव! अडकली असन! माह्यापेक्षा हुशार निघालीस तू.

प्रभाकरराव लिंबाखाली फेऱ्या मारू लागले. लेकराला काही समजावून सांगायचं म्हटलं की त्यांचा राग आपोआप उतरायचा, घाई कमी व्हायची. गल्लीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी असंच पाटी-पेन्सिल न घेता शिकवलं होतं. लंबक कसा झुलतो, मोटर पाणी कशी ओढते, लाकडाची रेघ पाहून ते कुठे फाटेल हे कसं ओळखायचं.

आता पाह्य, लांबूनच. कटरले एक चपटी लांब पट्टी हाये ना?… तिच्या कडेनं बारीक नाली हाये. त्या नालीतून चेन पळते, जशी रुळावरून रेल्वे. आता रेल्वेच्या रुळात कोणी गोटे टाकले तं?… थांबन. म्हणून त्या नालीत ऑइल लागते. कटरच्या पोटात दोन टाक्या असतेत. एक पेट्रोलची, इंजिनाच्या भुकेची. दुसरी ऑइलची, चेनीच्या घशासाठी. समजलं?… मंग सांग, त्या नालीत काय दिसते?… पिवळं? पिवळं काऊन दिसन? ऑइल तं काळं होते… वाळलेलं हाये? गोंदासारखं?… श्रावणभाऊ नखानं खरडून राह्यला, तरी निघत नाई?

अजब हाये. आता नाकानं पाह्य. थोडं वाकून वास घे… वास चांगला हाये?… ऑइलचा वास चांगला कसा असन, बेटा? कायच्यासारखा हाये?… सांग ना, लाजाचं काय त्यात?…

तुह्या नंदीसारखा?

प्रभाकरराव जागच्या जागी थांबले. दर साली तान्ह्या पोळ्याला पोरांनी मिरवायचा लाकडी नंदी कोरून झाला की त्याला ते जवसाचं तेल चोळत आणि उन्हात ठेवत. तेल सुकून लाकडावर काचेसारखी चकाकी बसे, ती पाण्यानेही जात नसे. ‘जवसाचं तेल वाळलं का कातडीसारखं बसते,’ हे त्यांनीच गल्लीतल्या एकेका पोराला सांगितलं होतं. आणि भर उन्हाळ्यात, संत्र्याची वाळलेली झाडं कापताना चेनीचं ऑइल संपलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यातून जवसाचं तेल काढून दुसऱ्या टाकीत ओतणारेही तेच होते. तेल ते तेल, असं तेव्हा वाटलं होतं. मग पावसाळा लागल्यापासून कटर कोठ्यात पडून होता, आणि त्याच्या नालीत नंदीची चकाकी बसत होती.

जवस!… काई नाई झालं, बेटा. ऐकून राह्यलो ना मी… अवं, तुले नाई म्हटलं, खुशीसंगं बोलून राह्यलो!… काई नाई, जवस… जवस म्हटलं मी?… चटणी छान झालती, असं सांगून राह्यलो तिले… तू आत जाय, कुकरची शिट्टी झाली.

खुशी? हं. तुही आजी होती. तेलाचा डबा लवकर रिकामा काऊन झाला म्हणून चार महिन्यांपासून शोध घेऊन राह्यली थे… मी काऊन हासून राह्यलो? असंच. तू फोन श्रावणभाऊले दे. पप्पा आला का?… नाई ना? दे लवकर.

श्रावण, राम राम. प्रभाकर बोलतो, तळेगाववाला. क्लच नाई जळला, भाऊ. चेन काढ, अन् डिझेलात बुडव. नाली बी डिझेलानं भिजवून खरडून काढ. टाकीतलं तेल सारं फेकून दे… कोणतं तेल हाये?… तेलच हाये रे, तू फेक ना!… हाव, मंग नवं ऑइल टाक अन् चालू करून पाह्य. अन् दुकानदाराले म्हण, तोवर बिल नाई फाडाचं… धर्मेंद्राले मी सांगतो. पोरीले दे फोन.

हं खुशी, आता वाट पाहाची. दवाई दिली का डॉक्टर बी वाट पाह्यते… पप्पा आला? काय म्हणते?… ‘आता काऊन खरडून राह्यले?’ म्हणते. सांग त्याले, आबाजीनं सांगितलं… चिडला? चिडू दे. त्याले एवढा नवा कटर काऊन पाह्यजे, विचार बरं… तुले माहीत हाये? काय म्हणे?… सांग, मी नाई रागावत.

…

कोणाले म्हणत होता?… मम्मीले… हलका हाये म्हणून… हाव… माहे हात कापतेत, असं म्हणे?… नाई, नाई. सांगितलं थे चांगलं केलंस. पाह्यलं असन त्यानं… हाव गं, चहाचा कप धरताना थोडे कापतेत. म्हातारे झाले का होते असं. तुह्या आबाजीले काई झालं नाई.

प्रभाकररावांनी फोन धरलेला हात खाली घेऊन पाहिला. फोन कानापासून दूर गेला तरी नातीचा आवाज बारीक ऐकू येत होता. मग त्या बारीक आवाजाच्या मागून एकदम गुरगुराट उठला, खोकला, थांबला, आणि पुन्हा उठून असा भरदार झाला की लिंबावरच्या चिमण्या उडाल्या.

फिरून राह्यली?… चेन फिरून राह्यली? मागं सरक, तू मागं सरक पयले!… अगं पाह्य बाप्पा! असाच ओरडते तो, भुकेला झाला का!… सारे टाळ्या वाजवून राह्यले?… दुकानदार बी?… दे, दे पप्पाले.

हं, धर्मेंद्र. ऐकलं मी, इथवर ऐकू आलं… कंपनी भंगार नाई रे, कंपनी चांगली हाये. पार्ट बी नाई लागला एक… मंग काय झालतं म्हणजे?… काय झालतं, थे… चेन जाम झालती… कायनं म्हणजे, तेलानं… जवसाच्या. मीच टाकलतं… हास. हास लेका, दुकानात उभा राहून बापाले हास… हाव, हाव, ‘लाकडाले पॉलिश अन् मशीनले बी पॉलिश.’ झालं? संपलं हासणं?… आईले नको सांगू. थे मी पाह्यतो.

अन् ऐक. नवा घेऊ नको. जुनाच घेऊन ये… वजन? माहीत हाये मले वजन… हाव. खुशीनं सांगितलं… तिले कायले रागावतो? खरं थेच बोललं लेकरू… नाई रे, राग नाई आला. बरोबर हाये तुहं. मी नाई चालवत आता… नाई म्हटलं ना. मी लाकडावर रेघ मारतो, तू काप… येत नाई म्हणजे? एवढे वर्ष कटर घरात हाये अन्… मी कधी हात लावू देल्ला नाई, हे बी खरं हाये.

मंग आता शिक. त्यात काय? फोनवर बी शिकता येते, तुहीच पोरगी शिकली आता… स्पीकर चालू करून फोन खुशीजवळ दे, अन् कटर बंद करून हातात घे. पाय फाकवून उभा राह्य… अजून. डावा पाय थोडा समोर. डावा हात समोरच्या दांड्यावर, अंगठा खालून लपेटून… अंगठा वरतं ठेवला तं झटक्यानं कटर हातातून निसटते. समजलं?… कोपर सरळ. चेहरा पट्टीच्या रेघेत नाई आणाचा, बाजूले ठेवजो… लाकडाले दाब नाई द्याचा, कटरले आपल्या वजनानं जाऊ द्याचं… घाई नाई… हॅलो?… धर्मेंद्र?… हॅलो?

फोन कटला होता. अंगणात लिंबाखाली प्रभाकरराव पाय फाकवून, डावा पाय थोडा पुढे टाकून उभे होते, आणि मोकळ्या हाताने न दिसणारा दांडा घट्ट धरून, बंद पडलेल्या फोनमध्ये उरलेला धडा सावकाश पुरा करत होते.