गाडी आलीच नाही

नाही हो, बूट राहू द्या, कसले काढताय — या घरात गेले तीन आठवडे बर्फाचं पाणीच फिरतंय, तुमच्या दोन पावलांनी काही बुडत नाही! बसा. रोझॅननं पाठवलं ना तुम्हाला? म्हणजे तिनं अर्ज केला आणि तुम्ही आलात, एकच झालं ते. माझी भाची ती, अल्बिनाची मुलगी. अल्बिना म्हणजे माझी थोरली बहीण, जी गेली ती. हे शेजारचंच घर तिचं, मधे एक भिंत. रोझॅन आत्ता तिथेच आहे, आईचे कपडे खोक्यांत भरतेय. सकाळी मला म्हणाली, सिरिलमामा, नगरपालिकेच्या चौकशीची बाई येणार आहे, जे झालं ते सगळं सांग, भीड ठेवू नकोस. मी म्हटलं, भीड? मी? अगं, माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या टेकडीला माहीत आहे!

तर लिहा. सिरिल होवानेत्स, वय बहात्तर. आणि आधी हे लिहा, की हा माणूस सव्वीस वर्षं तुमच्याच नगरपालिकेचा मिठाचा ट्रक चालवत होता. हो, तुमच्याच! काय बघताय? म्हणजे मला कुणी शिकवायला नको. बर्फ पडला की आधी मोठे रस्ते, मग बसचे, मग आमच्यासारखे चढ — तीन याद्या असतात, आम्ही तिसरीत. ते ठीक. पण तिसरी यादी म्हणजे तिसरा दिवस हो, तिसरा महिना नव्हे! आणि आमच्या वेळी असा चढ कसा चढायचो, माहितीय? उलटा. रिव्हर्समध्ये! ट्रकची पाठ वर करून, मागून मीठ टाकत टाकत — म्हणजे आधी मीठ पडतं आणि मग त्या मिठावर तुमचं चाक येतं, ट्रक घसरत नाही. मान मोडून जायची मागे बघून बघून, पण एक गल्ली सोडली नाही कधी. आताची ही पोरं खालच्या कोपऱ्यावर येतात, वर बघतात, मान हलवतात आणि गाडीतल्या यंत्रावर 'रस्ता साफ' अशी टिचकी मारतात — झालं काम! फोन केला तर तुमच्या ऑफिसातली ती बया सांगते, सर, तुमचा रस्ता साफ झालेला दिसतोय. म्हटलं, बाई, तुला दिसतोय ना, मग तूच ये आणि चालून दाखव!

रविवारी बर्फ पडला. गुडघ्याच्या वर. सोमवारी कुणी नाही, मंगळवारी कुणी नाही, बुधवारी तो बर्फ दिवसा थोडा वितळला आणि रात्रीत काच झाली नुसती. खालचा पोस्टमन पडला, मनगट मोडलं. शनिवारी आले, शनिवारी! सहाव्या दिवशी! वरातीमागून घोडं. तोवर अल्बिनाला चार अग्निशामकवाल्यांनी प्लास्टिकच्या घसरगाडीवर बांधून, दोऱ्या धरून, पायरी पायरीनं खाली नेलं होतं. अँब्युलन्स खाली उभी. पोरांची घसरगाडी हो ती, लाल रंगाची. आणि ती मला म्हणते, सिरिल, लहानपणी तू मला कधी पुढे बसू दिलं नाहीस, आज बसले बघ. अशी होती. ओठ निळे पडलेले आणि चेष्टा चाललेली.

पाणी पिता? कॉफी? नको? बरं.

डायलिसिस होतं तिचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाच वर्षं — चुकवलं नव्हतं एकदाही. गाडी यायची न्यायला, मागे व्हीलचेअर चढवायची फळी असते ना, तसली. फळी खाली सोडायला फुटपाथला लागून मोकळी जागा लागते, रस्त्याच्या मधे नाही जमत — आणि या उतारावर तर मधे थांबलात की संपलं, गाडी घसरायलाच लागते. सोमवारी गाडीवाल्यांचा फोन, येऊ शकत नाही. बुधवारी फोन, प्रयत्न केला, चढत नाही. पायांना सूज आली तिच्या. मी रोज दाबून बघायचो, बोट रुतायचं आणि खड्डा तसाच राहायचा. ती म्हणायची, कणीक तिंबतोयस का? मी मग रोझॅनला फोन केला, ती तीन तासांवर राहते, तिकडचे रस्तेही बंद. तिनं तुमच्या ऑफिसात अकरा फोन केले. अकरा. तुमच्याकडे नोंद असेलच. नसेल तर लिहा.

आणि शुक्रवारीही नाही आली गाडी. लिहिलंत? शुक्रवारीही नाही. बस. हेच तर रोझॅनच्या अर्जात आहे, हेच अल्बिनानं स्वतः तिला फोनवर सांगितलं — गाडी आलीच नाही. मेलेल्या बाईचा शब्द आहे हा. तीन पाळ्या चुकल्या, रविवारी हॉस्पिटलात हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारची एक जरी झाली असती ना — असं म्हणाले. असं म्हणायला काय लागतं त्यांना.

आम्ही काय केलं म्हणजे? हा काय प्रश्न झाला! आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो असं वाटतं का तुम्हाला? गुरुवारी दुपारपासून फावडं घेऊन होतो मी. शुक्रवारी पहाटे पुन्हा. तिच्या पायऱ्या, फुटपाथ, आणि समोरची गाडीभर जागा — वर बर्फ, खाली काच, कुदळीनं फोडली. काळं डांबर दिसेपर्यंत. राख टाकली, मीठ टाकलं, माझ्या स्वयंपाकघरातलं खायचंसुद्धा! चाकोऱ्याही मोकळ्या केल्या वरपर्यंत, ग्लोरिया आणि तिचा नवरा आले होते मदतीला समोरचे. एवढं केलं की एक शहाणा ड्रायव्हर असता तर आरामात आला असता. आणि मग जागा धरली. अहो, खुर्ची ठेवली! एवढी जागा उकरायची आणि मोकळी सोडायची, म्हणजे पाच मिनिटांत कुणीतरी आपली गाडी घुसवणार. खुर्ची ठेवली की ठेवली. तुम्ही इकडच्याच ना? मग तुम्हाला काय सांगायचं. ज्यानं उकरली त्याची जागा, आणि दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. पाद्रीबाबासुद्धा लावत नाहीत. मागे एक नवीन भाडेकरू आला होता वरच्या घरात, त्यानं उचलली माझी खुर्ची, बाजूला ठेवली आणि गाडी लावली. सकाळी बघतो तर गाडीवर चार बोटं बर्फ — कुणीतरी रात्रभर पाण्याची नळी लावून ठेवलेली. कुणी ते विचारू नका. त्याला एप्रिलपर्यंत दार उघडता आलं नाही! तेव्हापासून या टेकडीवर कुणाची हिंमत नाही. इकडे जन्मलेला माणूस मरेल, पण खुर्ची हलवणार नाही. म्हणून तर तो सरळ पुढे —

कोण? कोण पुढे? कुणी नाही. मी म्हणतोय, कुणीही. कुणीही आलं तर सरळ पुढे जाईल, असं.

तुम्ही लिहू नका ते. कशाला लिहिताय? अहो, बोलण्याच्या ओघात येतं माणसाच्या.

...

तुम्ही अशा गप्प बसता ना, हे वाईट आहे. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मधे मधे बोललं असतं, म्हणजे मलाही भांडता आलं असतं.

बरं. पेन ठेवा खाली. नाही, ठेवा आधी.

ती जागा मी गाडीसाठीच उकरली होती. अल्बिनाच्या गाडीसाठी. माझी स्वतःची गाडी तर गॅरेजात, तिला काय करायचीय जागा! खुर्ची ठेवली ती एवढ्यासाठीच, की अकराला गाडी येईपर्यंत दुसरं कुणी घुसू नये. आणि मी खिडकीत बसणार होतो. गाडी वळणावर दिसली की बाहेर जायचं, खुर्ची उचलायची, हात करायचा. एवढं सोपं. आत आलो, कोट ओला म्हणून तळघरात वाळत टाकला, फोन त्याच्याच खिशात राहिला. कानातलं यंत्र घामानं भिजून कुरकुरत होतं, ते काढून टेबलावर ठेवलं. बसलो. बूट पायातच. मी दोन मिनिटं डोळे मिटले, मॅडम. देवाशपथ, दोन मिनिटं. उठलो तेव्हा दोन वाजले होते.

धावलो बाहेर. खुर्ची तिथेच, जागा मोकळी. शेजारी गेलो, अल्बिना कोट घालून, टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसलेली. म्हटलं, गाडी? ती म्हणाली, आलीच नाही रे. म्हटलं, नक्की? म्हणाली, मी काय इथे झोपा काढत होते? आलीच नाही, चांगल्या शिव्या दे त्या नगरपालिकेला. आणि मी दिल्या! तिच्याच फोनवरून, लावून लावून दिल्या. ती ऐकत होती आणि हसत होती. डायलिसिसच्या केंद्रावर फोन केला तर म्हणाले, उद्या सकाळी घेऊ, आणा कशीही. म्हटलं, आत्ताच अँब्युलन्स बोलावतो. म्हणाली, उद्या तर बोलावलंय ना, एका रात्रीनं काय होतंय, सूप कर मला. मी सूप केलं. माझं खायचं मीठ संपलेलं, बिनमिठाचं केलं, ती म्हणाली, बरंय, नाहीतरी मला मीठ बंदच आहे.

मी काय समजलो असेन सांगा! मला खरंच वाटलं, नाही आली. दफनाच्या दिवसापर्यंत मला तेच वाटत होतं. मी शवपेटी धरून तुमच्या महापौराला शिव्या घालत होतो मनात.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तिथे आला तो. कर्टिस नावाचा ड्रायव्हर, नेहमीचा तिचा. पलीकडच्या टेकडीवरचा, चांगला माणूस. हातात थाळी, थाळीत कोबी-नूडल्स, आणि हुंदके देतोय. म्हणाला, काका, मी आलो होतो हो शुक्रवारी. साडेदहाला. कसाबसा चढलो, कुणीतरी चाकोऱ्या उकरल्या होत्या देवमाणसानं. एकच जागा मोकळी होती, पण तिथे खुर्ची. कुणाची ती माहीत नाही. हॉर्न दिला. मागे एक पिकअप चढत होता, थांबलो असतो तर दोघेही खाली गेलो असतो. पुढे गेलो. फिरून यावं म्हटलं तर खालच्या वळणावर आडवा झालो, ऑफिसनं परत बोलावलं. आणि म्हणाला — आजी खिडकीत होत्या. त्यांनी हात केला मला. मीही केला. मला वाटलं, त्या म्हणतायत, जा बाबा, जपून जा.

मी काय केलं? काही नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, खा, थंड होतंय. मी सांगितलंच नाही त्याला, की ती खुर्ची माझी. अजून सांगितलं नाही. तो बिचारा रोज विचार करत असेल, की उचलली असती तर.

आणि तिनं पाहिलं होतं सगळं, मॅडम! काचेतून. गाडी आली, हॉर्न वाजला, खुर्ची बघून पुढे गेली, हे सगळं. मला फोन लावला, नंतर बघितलं मी, सात वेळा लावला होता. भिंत ठोकली असेल. हा बहिरा इथे घोरतोय! आणि मी दोन वाजता दारात उभा, तर ती सरळ तोंडावर सांगते, आलीच नाही. पोटच्या पोरीलाही तेच. मरेपर्यंत तेच. माझ्यासाठी हो. मला राहिलेली वर्षं झोप लागावी म्हणून. उद्यापर्यंत निभेल असं तिला वाटलं असेल, की नाही निभणार हे कळलं होतं? हे मला रोज विचारायचं असतं आणि विचारणार कुणाला?

नाही, रडत नाहीये मी. असू दे, रुमाल आहे माझ्याकडे.

आणि आता तुम्ही खूश होऊ नका हं! घ्या पेन, लिहा, मी थांबवत नाही. शुक्रवारी गाडी आली होती, माझ्या खुर्चीमुळे परत गेली. लिहा. पण सोमवारी नाही आली, बुधवारी नाही आली, आणि बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कुदळीनं रस्ता फोडावा लागला, हेही त्याच कागदावर लिहा. माझं पाप माझ्या पदरात, मी घेतो. तुमचं तुमच्या. हात झटकून मोकळं व्हायचं नाही. कळलं? द्या इकडे, कुठे सही करायची? इथे? ...हं.

रोझॅनला तुम्ही नाही सांगायचं. कागद टपालानं जाईल, ती वाचेल, ते नको. आईचा शेवटचा शब्द म्हणून धरून बसलीय ती, आणि मी तोच खोटा पाडणार. माझ्याशी पुन्हा बोलणार नाही कदाचित. नाही बोलली तर नाही बोलली. अल्बिना असती तर मला चप्पल फेकून मारली असती — एवढं एक सांभाळता आलं नाही तुला, म्हणाली असती.

उठा तुम्ही. नाही, थांबू नका, तुमच्यासमोर नको. कठडा धरून उतरा, तिसरी पायरी निसरडी आहे. जा.

रोझॅन! ए रोझॅन! अगं, ते खोकं राहू दे, जरा इकडे ये.