खिडकीतली काच

“केर काढताना बाळाला बाहेर ने, बारीक धूळ दिसत नाही,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता खोकणाऱ्या बाळाला घेऊन मी डोंबिवलीच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी ठाकुर्लीच्या तुळसाबाई होत्या. धुळीच्या कणांवर संशोधन करणाऱ्या मधूने त्यांच्या खिडकीत तेल लावलेली काच ठेवली होती. दवाखान्यात येताना त्यांनी ती पिशवीत आणली होती, आणि ती न्यायला तो तिथेच आला होता.

“मावशी, पुन्हा पुसलीत?”

“राखेनं लख्ख घासलीय. पाहुन्याच्या हातात मळकी काच देऊ काय रे?”

“अहो, मळच हवा होता! जड धूळ खाली बसते, बारीक कण तरंगत राहतात आणि या तेलाला चिकटतात. तेच मोजायचे होते.”

“मग परत तेल लाव. पुढल्या महिन्यात ये. येशील तवा भाकरी टाकीन.”

“काम संपलं, मावशी. उद्या मी नागपूरला चाललो.”

“म्हंजे आता कोनी यायचं नाय?”

“…नाही.”

“ही काच तरी ठेवू?”

“ठेवा की.”

“आता नाय पुसनार हां. आलास तर धूळ गावंल.”

ठाकुर्ली स्टेशनमागे, खाडीकडच्या वाटेवर तुळसाबाईंची खोली आहे. खिडकीत काच दिसेल. त्या बाजूला गेलात, तर एक हाक मारा.