दहा हजारांचं पत्र

एक घर माझ्या तोंडापायी गेलं, ते ऐका. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं हाय. पलटणीतनं सुटून मी इस्लामपुरात नोकरीला लागलेलो, भाड्याच्या खोलीत ऱ्हायचो. घर बघायला जावं तर मालक इचारायचा, “पैसं हायती का?” बँकेत जावं तर मॅनेजर म्हणायचा, “आधी घर ठरवा.”

तिसऱ्या खेपेला बायको, शालन, संगट आली अन् खुर्ची वडून बसली.

“सायब, कुणीतरी एकानं आधी व्हय म्हणा. त्याबिगर मी उठत न्हाई.”

मॅनेजरनं माझा पगार बघून लिहून दिलं : घर पसंत पडल्यास दहा हजारांपर्यंत कर्ज देता येईल.

दुसऱ्याच दिवशी एक घर आवडलं. मालक आठ हजार म्हणाला. “बँक दहा हजार देतीया,” म्हणत मी ऐटीत पत्र दाखवलं. त्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं अन् म्हणाला, “दहा हजार पडतील.”

शालननं पत्र कनवटीला लावलं. पुढच्या घरी सगळं तीच बोलली, मला तोंड उघडायची बंदी. घर साडेसातात मिळालं.

वास्तुशांतीला मी पाव्हण्यांना जेवायला हाका मारत होतो. ते घर आमाला इकणारा मालक बघतच ऱ्हायला.

“वैनी, ह्यांना बोलता येतं व्हय?”

शालन म्हणाली, “खरेदीखत झाल्यापास्नं येतंय.”