गुडघ्यात वाकणारा पुतळा

…बसा, पाव्हणं, पायरीवरच बसा. आत नाय. आतल्या खोलीला कुलूप हाय आन् किल्ली नातीजवळ — तिच्या बाहुल्या बघायला कोणी ना कोणी येतंच रोज, पेपरवाले येतात, कालिजातली पोरं येतात, आन् समद्यांना मी हेच सांगते, की ती आल्याबिगर कुलूप निघत नाय. पर तुमाला ती यायच्या आत उठायचंय. कामून? सांगते ना. तवर माझ्याकडून कहाणी ऐका, रिकाम्या हातानं नाय लावायची मी कोणाला. तर ऐका. होतं एक घर, मेंढरावाल्यांचं. त्या घरात सासू होती बानाबाई, म्हणजे मी. सून होती रत्नमाला. सुनंची लेक होती शालू. आन् बानाबाईला एकच लेक होता, राम. पाणी घ्या. लोटा तोंडाला नका लावू, वरून प्या. …हां. असं. बघितलं मी.

काय बघितलं? काय नाय, पुढं ऐका. ह्या रामाचा पाय लई जड. अंगणात पाऊल वाजलं की कुत्रं सुदीक चुलीमागं जायचं. दारू? नाय हो, दारूला शिवत नव्हता, लोकं उगी समदं दारूवर ढकलतात. त्याला आवाज सोसायचा नाय. भांडं पडलं — उचलला हात. लेकरू हसलं — उचलला हात. मग लेकरानं करावं काय? कोकरं झाकायचं मोठं डालगं असतं ना आमचं, त्याच्याखाली शालू जाऊन बसायची, चिंध्यांच्या बाहुल्या घेऊन. आन् बाहुली हलवायची कशी — तिळाएवढी. मग थांबायची, कान द्यायची. पुन्हा तिळाएवढी. एक बाहुली दुसरीला भेटायला गेली की सांज व्हायची. मी फटीतून बघायची आन् म्हणायची, बया बया, ही पोर खेळती का चोरी करती? आता तिच्या पिक्चरचं तसंच हाय — बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो, आन् ते फोटो जोडून पळवले की बाहुली आपल्या पायानं चालती. शिकलेली माणसं तिला इचारतात, म्याडम, इतका धीर कुठून आणला? धीर! मला हसू येतं. अहो, ते भ्यालेलं लेकरू हाय. भ्यालेलं लेकरू जसं हलतं, तसंच ती हलवती.

मग एक दिवस रत्नमालाच्या हातातून परात निसटली. त्यानं तिचं मनगट धरलं आन् वाकवलं, जळणाची काटकी मोडावी तसं. दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन फर्दापूरच्या डोंगराकडं गेला, तो गेला. मेंढरं आली, कुत्रं आलं, राम आला नाय. शोधला, लई शोधला. का म्हणून? — अहो, पोटचा होता! आईचं पोट लई बेशरम असतं. मग मेंढरं इकली, तिघीजणी इकडं हर्सूलला आलो, रत्नमाला मेसवर पोळ्या लाटायला लागली. पर ते मनगट फिरंना. आन् झोप येईना तिला. कडी लावायची, पुन्हा उठून बघायची, पुन्हा लावायची. मेला म्हणून रडावं तर खबर नाय, जिता म्हणून जगावं तर भ्याव. असली बाई धड सवाशीण नाय, धड रांडव नाय.

आमच्यात रीत हाय — माणूस परागंदा झाला आन् बारा वर्षं त्याची खबर नाय आली, की पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा आन् त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला. मग कुठंबी जिता असला तरी मेला. आमी पैठणला गेलो, नदीवर. श्रीधर गुरुजी पुतळा बांधाया बसले, तर शालू म्हणाली, गुरुजी, मी बांधते. तवा ती चित्रकलेच्या शाळंत जायची. गुरुजी नुसती मोळी बांधत होते, हिनं त्याला गुडघे केले, कंबर केली, मान केली, आत तारा घातल्या. गुरुजी म्हणाले, "पोरी, जाळायचाय त्याला, नाचवायचा नाय." ही म्हणाली, "गुडघ्यात नाय वाकला, तर तो आमचा बाप कसा?" मी बी म्हटलं, करू दे. मला काय ठावं! पेटवला. पानं कडकडली, ओले देठ आवळले, तारा ताणल्या — आन् पुतळा उठून बसला. खोटं नाय सांगत, आगीत उठून बसला, मांडी घालून जेवायला बसावं तसा! आमचा चुलतदीर मुंजाबा पागोटं टाकून पळाला तो गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. रत्नमालानं तोंडात पदर कोंबला. आन् शालू? हलली नाय. जळत्या बापाकडं बघत राहिली, आन् मला म्हणती, "आजी, बघ, हात उचलता येईना त्याला." खांद्याला सांधा दिलाच नव्हता तिनं. …का हो? शहारा आला? ऊन हाय की अजून.

तिथून पोरीनं दुसरं काय केलं नाय. शाळंतल्या प्रमोदिनी म्याडमनी तिला कॅमेरा दिला, जागा दिली. जाहिराती केल्या, लेकरांच्या गाण्यातली माकडं-अस्वलं केली, त्याच्यावर घर चाललं. पर मनात एकच पिक्चर — बाप घरी येतो तो. आन् तोंड आठवंना! डालग्याखालून तिनं पायच बघितलेले. मग मला म्हणाली, आजी, तू सांग. मी सांगत गेले, ती माती चेपत गेली. डावी भुवई दुभंगलेली, एडक्यानं शिंग मारलं होतं लहानपणी. कानाची पाळी चिरलेली. खालचा ओठ एका अंगाला ओढलेला. म्हटलं, बास कर, तोच हाय. मग आमी दोघी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, त्याच्यासंगं बसवंना. तवापासून त्याचे पाय तिनं टेबलाला खालून आवळून ठिवलेत. रीतच हाय म्हणती, नायतर बाहुली पडती. पिक्चरमध्ये तो दारात येतो, हात उचलतो — आन् तिथं काम थांबलं. कितीतरी दिवस तो तसाच, हात वर. मी दिवा लावाया गेले की पाठ करून लावायची. मग एकदा तिनं तो हात खाली आणायला घेतला, तीळ तीळ. खाली आणला, आन् त्याला मागच्या पावली पायरी उतरवलं. लोकं रडतात म्हणं ते बघून.

तुमी कुठं बघितला? …वाळूजला. कंपनीच्या गेटावर, कोणाच्या तरी मोबाइलात. व्हय. आपलंच तोंड दुसऱ्याच्या हातात बघून कसं वाटलं असंल, नाय का?

भुवई झाकू नको. मघा पाणी पिताना मान वर केलीस, तवाच बघितली. म्हातारी झाले, आंधळी नाय झाले, रामा.

रडू नको. आवाज करू नको. सुधरलास म्हणतोस — असशील, मी नाय कशाला म्हणू? खोकला बी लागलेला दिसतो, हाडं निघाली. पर मेलेल्या माणसाचं सुधारणं ठिवायचं कुठं, ते सांग. तुझं तेरावं मी ह्या हातांनी घातलं. आत टेबलावर एक राम उभा हाय, वीतभर, तुझ्याएवढाच खरा, आन् शालूनं हलवला तर हलतो, नायतर नाय हलत. ह्या घरात तेवढाच मावतो.

काय? रीत उलटी करता येती? हे कोणी सांगितलं तुला — गुरुजींकडं जाऊन आलास व्हय आधी? …येती. खोटं कशाला बोलू. मेलेला परत आला तर त्याला नव्यानं न्हाऊ घालायचं, नव्यानं नाव ठिवायचं, आन् त्याच्या बायकूशी पुन्हा लगीन लावायचं. म्हणजे रत्नमालानं पुन्हा हो म्हणायचं. आन् ती म्हणंल रे! तेच तर भ्याव हाय मला. तुझी हाडं बघंल आन् म्हणंल, ती वाकडं मनगट घेऊन तुझ्या भाकरी थापंल, आन् शालू पुन्हा कुठंतरी डालगं शोधंल. हे नव्हतं बोलायचं मला. बोलून गेले. तोंडातून गेलं ते गेलं, पर रत्नमालाच्या कानावर जाऊ द्यायची नाय मी. शेजारी कारभारी नावाचा गडी हाय, त्याला हाक मारायला लावू नको. तो दांडगा हाय, आन् त्यानं बी ते तोंड पिक्चरमध्ये बघितलंय.

आता शेवट ऐक, आन् ऊठ. आज चिकलठाण्याला शालूच्या नव्या जागेचा नारळ फोडायचाय, लेकरांसाठी मोठी मालिका भेटलीय तिला, हाताखाली माणसं घेतलीत. रत्नमाला तिच्यासंगं गेली, हिरव्या बांगड्या भरून. मी भरल्या, मी सासूनं. लोकं नावं ठिवतात, ठिवू दे. वाजवत गेली.

तर असं त्या घराचं भलं झालं. सून पोटभर झोपाया लागली, नात मोठ्यानं हसाया लागली, म्हातारीनं डोळ्यांनी समदं बघितलं. सुख आलं, आन् राहिलं. …राहिलं म्हण. एवढं एकदा तुझ्या तोंडानं म्हण, मग जा. म्हण की रे.

नाय म्हणवत?

बरं. चपला घाला, पाव्हणं. मागच्या बोळातून जावा — कोपऱ्यावर त्यांची रिक्षा वळली.