पिशवीत उरलेलं पान

...आणि नवसच बोलले होते हो मी, काही सहज म्हटलं नव्हतं! सिद्धरामेश्वराला म्हटलं, गावाभोवतीच्या तुझ्या अडुसष्ट लिंगांना पायी फिरून बेल वाहीन, पण आमच्या ह्यांना चार गोष्टी एकदम डोक्यात राहू देत. चारच. जास्त मागितलं का मी?

वर्षापूर्वी ह्यांना झटका येऊन गेला. हातपाय सावरले, बोलणं सुधारलं, पण पोहे, मीठ, हळद, काडेपेटी सांगून पाठवावं तर पाच मिनिटांत गौसभाईंचा दुकानातून फोन, "भाभी, अण्णा आको खडे हैं, क्या होना बोलो." चारच हो!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचे भाग जागच्या जागी आहेत, त्यांची आपसातली ये-जा मंदावलीय, म्हणून ऐकलेलं काम होईपर्यंत धरून ठेवता येत नाही. सराव करा, वाट रुळेल. मला लगेच पटलं. गावाभोवती लिंगं अडुसष्ट, पण मधली वाटच मोडली तर देवांनी तरी काय करावं?

मग निघालो एका सोमवारी. मोजणीत चूक नको म्हणून घरूनच बेलाची बरोब्बर अडुसष्ट पानं घेतली, दर लिंगाला एक. पिशवी अर्थात माझ्याकडे, ह्यांच्याकडे कशी देणार? वाटभर मी बजावतेय, हे झालं बरं का, ध्यानात ठेवा की... आणि हे आपले मान डोलावतायत. शेवटच्या लिंगाला पान वाहिलं, पिशवी झटकली, तर आतून आणखी एक पान पडलं!

 म्हणजे एक लिंग राहिलं, नवस अर्धवट. कुठलं राहिलं कुणाला ठाऊक? पुन्हा पहिल्यापासून चालायचं का, पायांच्या ह्या फोडांनी?

हे शांतपणे म्हणाले, "गिरणीमागचं राहिलं. तिथं तू बहिणीला फोनवर सांगत होतीस, ह्यांच्या काही म्हणजे काही लक्षात राहत नाही."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं की!"

"तू बोलत होतीस."

काय सांगू तुम्हाला, हसावं का रडावं... परत गेलो, ते पान ह्यांच्याच हातानं वाहिलं. येताना गौसभाईंकडे हे एकटे गेले, मी बाहेर देवाचं नाव घेत उभी. पोहे आणले, मीठ आणलं, हळद आणली. फोन आला नाही हो! काडेपेटी तेवढी राहिली.

चारातले तीन झाले. राहिलेल्या एकासाठी पुन्हा अडुसष्ट चालणं आलं, दुसरं काय?

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर घ्या बरोबर आणि चाला. फक्त पिशवी त्यांच्या हातात द्या, अन् आपला फोन घरी ठेवा.