लेखकाने तोंड उघडायचं नाही

नाही, पण मी म्हणतो, ज्याने नियम केला त्याच्याच गळ्यात तो नियम अडकवायचा, ही कुठली रीत झाली हो? ...बसा ना, बसा या बाकावर. ही पिशवी मी खाली घेतो. इंदूरच ना? मीपण इंदूर. कंडक्टर आत्ताच चहाला गेलाय, म्हणजे वीस मिनिटं तरी ती समोरची बस या नानाखेड्याच्या स्टँडवरून हलत नाही, आणि मला आज बोलून घ्यायचंय. कारण मग पुढे... ते सांगतो पुढे. आधी नियम!

तुम्हाला सांगतो, आमची लिहिणाऱ्यांची एक मंडळी आहे. मंडळी कसली, चार डोकी. महिन्याच्या पहिल्या रविवारी माधव नगरला सुलभाताईंच्या हॉलमध्ये जमायचं, जे काय अर्धवट लिहून झालंय ते आणायचं, बाकीच्या तिघांनी त्याची चिरफाड करायची आणि मग पोहे. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण, म्हणजे आपला इकडचा तिखट मसाला, आणि जखमेवर पण तेच म्हणा ना! तर नियम असा, की ज्याचं लिखाण त्याने वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं, आणि सगळ्यांचं बोलून संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. उघडलं, की पुढची पाळी रद्द. पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून सुलभाताईंच्या शोकेसमध्ये ठेवलाय, काचेच्या मोराशेजारी. आणि हा नियम कोणी केला माहितीये? मी! अक्षरसुद्धा माझंच!

करावा लागला हो. आमच्यात एक शैलेंद्र आहे, विम्याचं काम करतो, गझला लिहितो. त्याच्या गझलेला कोणी नुसतं "हं" म्हटलं तरी हा चाळीस मिनिटं समजावणार. "साहेब, आप समझे नहीं, इथे दिवा म्हणजे दिवा नाहीये, दिवा म्हणजे मी आहे, आणि तेल म्हणजे..." अरे, पोहे गार होतायत! मी चौतीस वर्षं बँकेत काढलेली, शेवटची नऊ मॅनेजर म्हणून. शिस्त म्हणजे शिस्त. म्हटलं, बस, आजपासून लेखकाने तोंड उघडायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शैलेंद्रने पण वाजवल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी काय लिहितो विचाराल तर कादंबरी. विचारलं नाहीत तरी सांगतो. आमचे पूर्वज इथल्या जुन्या संस्थानात, सरकारांच्या दफ्तरात कारकून होते, दक्षिणेतून इकडे आले ते इकडचेच झाले, त्यांच्यावर. चौदा महिने झाले. दुसऱ्या प्रकरणात नायकाने घोड्यावर खोगीर चढवलं, चौथं संपलं तरी तो काही निघाला नव्हता, कारण मी दफ्तराचं वर्णन करत होतो ना! शैलेंद्र झोपायचा. सरळ झोपायचा, खुर्चीत. मधुरा म्हणून एक कॉलेजात शिकवणारी मुलगी आहे, ती म्हणायची, "काका, रिसर्च खूप आहे." आता ही तारीफ आहे का काय आहे, तुम्हीच सांगा! आणि सुलभाताई, शाळेतून रिटायर झालेल्या, स्वभावाने गरीब, त्या दर वेळी म्हणायच्या, "विष्णूभाऊ, अक्षर काय सुरेख हो तुमचं." चौदा महिने अक्षर सुरेख!

आता घोटाळा ऐका. ज्याची पाळी त्याने शुक्रवारी आपले कागद सुलभाताईंकडे नेऊन द्यायचे. त्या ते न वाचता टावर चौकात जाऊन झेरॉक्स काढून आणतात, रविवारी प्रत्येकाच्या हातात एक प्रत आणि एक पेन्सिल. मी शुक्रवारी घाईत होतो. ड्रॉवरमध्ये दोन निळ्या फाइली. एकीत कादंबरीचं पाचवं प्रकरण. दुसरीत... खाजगी. चौतीस वर्षांत माझ्या ब्रँचमधला एक कागद इकडचा तिकडे गेला नाही हो, एक कागद नाही! आणि त्या शुक्रवारी मी कुठली फाइल उचलली असेल?

रविवारी वाचायची पाळी मधुराची. मी आपला आरामात मागे टेकून बसलोय, आज घोडा निघणार म्हणून खूश. मधुराने घसा साफ केला आणि वाचायला लागली, "चिरंजीव ईरास, अनेक आशीर्वाद..."

मी ताडकन उभा! "अहो, थांबा थांबा, हे ते नाही..." आणि तिघांनी, तिघांनी एकदम, एक शब्द न बोलता शोकेसकडे बोट दाखवलं. लेखकाने तोंड उघडायचं नाही!

तुम्ही म्हणाल, जाऊ द्यायची होती एक पाळी. पाळीचं काय घेऊन बसलात हो! पण तोंड उघडून सांगणार काय? की ही गोष्ट नाही, ही माझी खरी मुलगी आहे, आणि हे पत्र मी अडीच वर्षं लिहितोय आणि पाठवत नाहीये? चार लोकांत? बसलो खाली. गोष्ट समजतायत तर समजू देत, म्हटलं.

ईरा माझी मुलगी. एकुलती. मी स्वतः अभ्यास घेऊन तिला बँकेत लावली, ऑफिसर! पाच वर्षं केली नोकरी आणि एक दिवस सोडली, आणि इंदूरला काय उघडलं? ओळखा. नाही येणार ओळखता. कुत्र्यांचं पाळणाघर! लोक गावाला जातात ना, तेव्हा आपापली कुत्री तिच्याकडे ठेवून जातात. पूजेच्या दिवशी आम्ही गेलो, पाहुणे, शेजारी, दोन-तीन कुत्र्यांचे आईबाप, सगळे जमलेले, आणि माझ्या हातात पेढ्यांचा डबा. मी काय बोलावं? म्हटलं, "या या, घ्या पेढे, बँकेची पक्की नोकरी सोडून आमची मुलगी कुत्र्यांची आया झाली!" कोणी हसलं नाही हो. एक माणूस हसला नाही. ईराने डबा माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, लाज वाटत असेल तर येऊ नका." मी म्हटलं, "नाही येणार." आणि नाही गेलो. दीड तासाचा रस्ता, आणि अडीच वर्षं! आईशी रोज बोलते, माझा फोन उचलत नाही. खरं सांगू? मी केलाच नाही फोन, तर उचलेल कशी?

तर ते पत्र. अकरा पानं. मधुरा वाचतेय आणि मी घामाने भिजतोय, सुलभाताईंनी पंखा वाढवला. वाचून झालं. शैलेंद्र जागा होता! चौदा महिन्यांत पहिल्यांदा जागा! म्हणाला, "साहेब, वाह! हे काय काढलंत एकदम? पण बुरा मत मानना, पहिली तीन पानं नुसते खड्डे. माधव नगरचा रस्ता खोदला, नळाला पाणी नाही, आत्याचा गुडघा दुखतो... हा बाप मुलीला पत्र लिहितोय की नगर निगमला अर्ज देतोय? खामखा! आणि ते कुत्र्यांचं पाळणाघर? तो पटता ही नहीं. काहीतरी चालेल असं द्या ना, ब्यूटी पार्लर द्या!"

मी तोंड उघडलं. मोर दिसला. मिटलं.

मग मधुरा. चष्मा वर करून. "काका, चौथं पान फार महत्त्वाचं आहे. बाप लिहितो, 'तुझं चुकलंच, पण मी मोठा आहे, म्हणून मी सगळं विसरायला तयार आहे.' म्हणजे बघा, हे पात्र माफी मागतच नाहीये. हे पात्र माफी देतंय!" आणि पेन्सिलीने खाली रेघ मारली. कर्र. मला ती रेघ इथे ऐकू आली हो, छातीत! मी ते वाक्य सोळा वेळा लिहिलं होतं. मला सोळाही वेळा वाटलं, काय नम्र वाक्य झालंय!

आणि मग आलं सातवं पान. आता तुम्हाला म्हणून सांगतो, विजयाला, म्हणजे बायकोला पण माहीत नव्हतं. मागच्या वर्षी मी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला इंदूरला गेलो होतो ना, तेव्हा गेलो होतो तिच्या गल्लीत. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. फाटकाच्या आत एक मोठा तपकिरी कुत्रा बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. भुंकला नाही. आतून ईराचा आवाज आला, कोणाला तरी "चल, जेवून घे" म्हणत होती. मी परत आलो. बस. एवढंच लिहिलंय त्या पानावर.

शैलेंद्र म्हणाला, "हे खोटं वाटतं, साहेब. एवढ्या लांब जाऊन माणूस बेल न वाजवता येईल का?" मधुरा म्हणाली, "शैलेंद्रजी, सगळ्या पत्रात एवढंच खरं आहे." यावर ते दोघं भांडायला लागले, पंधरा मिनिटं! मी गेलो होतो की नाही यावर! आणि मी तिथे बसलेला! ज्याचे पाय फुटपाथवर दुखले तो बसलाय गप्प, आणि हे ठरवतायत! पण नाही. लेखकाने तोंड उघडायचं नाही!

सुलभाताई शेवटी बोलल्या. त्या दिवशी अक्षराचं नाव नाही. म्हणाल्या, "शेवट वाचा परत." मधुराने वाचलं, "तुझ्या आईला तुझी फार आठवण येते. तुझा, बाबा." सुलभाताई म्हणाल्या, "आठवण ह्याला येतेय. अकरा पानं ह्या एका वाक्यासाठी लिहिली, आणि ऐन वेळी आईच्या पदराआड जाऊन लपला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता लेखकाने बोलावं."

आता! आता बोलावं! आणि तुम्हाला सांगतो, मी, जो कस्टमरला चहा पाजून दोन तास बोलत बसायचा, त्या माझ्या तोंडातून एक अक्षर फुटेना. म्हटलं, "पोहे गार होतील."

बशी देताना सुलभाताई हळूच कानाशी म्हणाल्या, "विष्णूभाऊ, फाइलवर नाव घालत जा." बाईंना कळलं होतं. जिरावण पण जास्त घातलं होतं माझ्या पोह्यांवर, मला आवडतं म्हणून. मी मान खाली घालून खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हटलं, तिखट आहे.

घरी येऊन त्या सगळ्या प्रती टेबलावर टाकल्या आणि आडवा झालो. उठून बघतो तर विजया टेबलाशी, हातात मोबाइल. म्हटलं, "काय करतेस?" म्हणाली, "झालं." काय झालं? बाईने सुलभाताईंची प्रत घेऊन अकराच्या अकरा पानांचे फोटो ईराला पाठवलेले! त्या प्रतीवर सुलभाताईंनी तिघांचंही सगळं उतरवलेलं, रेघांसकट, नावानिशी! 'खड्डे काढा – शैलेंद्र.' 'माफी देतोय! – मधुरा.' आणि सातव्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरात, 'इथे मला जरा थांबावं लागलं – सुलभा.' वर विजयाने त्या पुठ्ठ्याचा नियमसुद्धा तिला सांगितला. मी म्हटलं, "अगं, मला विचारायचं तरी!" तर म्हणते, "अडीच वर्षं तुम्हालाच विचारत होते."

दोन दिवस उत्तर नाही. मी जेवलो नाही म्हणणार नाही, जेवलो, पण कशाला चव नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आलं, माझ्या फोनवर! माझ्या! पाठच झालंय, ऐका. 'बाबा, पहिली तीन पानं काढा, शैलेंद्रकाका बरोबर आहेत. पण पार्लर नाही म्हणावं, पाळणाघरच. चौथ्या पानावर फोन फेकणार होते, मधुराताईंची रेघ बघून थांबले. पान सात, त्या कुत्र्याचं नाव बापू. तो कोणावरच भुंकत नाही, तेव्हा त्यात फार अर्थ शोधू नका. पण तुम्ही बेल वाजवायला हवी होती. शेवट परत लिहा. लिहून रविवारी घेऊन या. वाचणार मी. नियम तोच.'

ऐकलंत? नियम तोच!

शेवट लिहिलाय. हा इथे, वरच्या खिशात. अकरा पानांची एक ओळ झाली. 'मला तुझी आठवण येते.' काय आहे त्यात? शाळेतलं पोरगं लिहील! पण मला चार दिवस लागले, आणि अजून वाटतंय की मध्ये आईला घालावं... नाही, नाही. नाही घालत. मला येते, म्हणजे मलाच येते. फार येते हो.

आला बघा कंडक्टर, चला. तुम्ही खिडकीशी बसा, मी तुमच्या शेजारीच बसतो, दीड तास आहे अजून, काय? तेवढ्यात माझं सगळं बोलून होईल. करू द्या मला, कारण तिकडे गेलो की आधी ती वाचणार, मग ती बोलणार. अडीच वर्षांचं साठलंय तिचं. आईवर गेली असती तर अर्ध्या तासात आटपलं असतं, पण बोलायला पोरगी माझ्यावर गेलीय! आणि तिचं संपेपर्यंत काय करायचं, ते मीच लाल पेनाने लिहून ठेवलंय...