कॉम्प्युटरवरचा रांजण

नाबल गावातल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात निवृत्त शिक्षिका झकिया आपला नंबर येण्याची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर बाप-लेक हलक्या आवाजात भांडत होते, आणि झकियांचे कान आपसूक तिकडे लागले.

"तुझ्याच लग्नाच्या पाहुण्यांची यादी, आणि तूच पुसून टाकलीस!"

"बाबा, तुम्ही ती कॉम्प्युटरवरच्या कचरापेटीत ठेवली होती."

"मी रांजणात ठेवली होती."

"तो रांजण म्हणजेच कचरापेटी! फोटोचं सॉफ्टवेअर शिकून मी तिचं चित्र बदललं. दोन महिने घालवले त्यावर. मातीचा रंग, पोटावरची सावली, सगळं स्वतः काढलं."

"झकास काढलास गं, म्हणून तर फसलो! आपल्या घरात वर्षभराचं कुसकुस, जेवणातला तो गव्हाचा रवा, कशात भरून ठेवतात?"

"रांजणात."

"आणि कचरा कोणी कधी रांजणात टाकलाय?"

"नाही... पण तो सारखा भरलेला दिसायचा, म्हणून मी रिकामा केला."

"आता चारशे माणसं कुठून आठवू? एक आत्या जरी सुटली, तरी जन्मभर टोमणे ऐकावे लागतील."

तेवढ्यात आतून दुकानदार ओरडला, "तिजानीचाचा, यादी मिळाली! चारशे बारा नावं, एकही गेलं नाही!"

"अल्हम्दुलिल्लाह! वाचलो, बाबा!"

"हळू बोल, दोर्रा. आईला सांगू, निम्मीच मिळाली. लग्नाचा खर्चही निम्मा होईल."

"कुठली निम्मी?"

"घरी चालत जाऊ. ठरवायला वेळ मिळेल."